शिंतोडा आणि प्रोक्षण

इंदूरला जाण्याचा योग गेल्या हिवाळ्यात आला. आमचे एक स्नेही तिथे तीन पिढ्यांपासून राहतात. घरात मराठी आणि उंबरठ्याबाहेर माळव्याची हिंदी, अशा दोन भाषांत ते लीलया ये-जा करतात. सकाळी पोहे-जलेबीचा नाश्ता झाला आणि ते मला राजवाड्याकडे घेऊन गेले. सात मजल्यांचे ते भव्य प्रवेशद्वार मान वर करून पाहावे लागते. १९८४ साली लागलेल्या आगीत वाड्याचा बराच भाग जळाला होता. नंतर त्याची डागडुजी झाली. समोरच्या बागेत अहिल्याबाईंचा पुतळा आहे. पुतळ्याला नमस्कार करून आम्ही शेजारच्या आडा बाजारात शिरलो, तेव्हा स्नेह्यांनी मला त्या नावाची कथा सांगितली. इंदूरच्या प्रत्येक माणसाला ती तोंडपाठ असते.

कथा अशी. अहिल्याबाईंचे पुत्र मालेराव रथातून जात असता वाटेत एक वासरू रथाखाली सापडून मेले. मालेराव न थांबता निघून गेले. गाय मात्र वासराजवळ बसून राहिली. मागून अहिल्याबाईंची स्वारी आली. त्यांनी चौकशी केली, वाड्यावर जाऊन सुनेला विचारले, 'आईदेखत तिच्या लेकराला मारणाऱ्याला काय शिक्षा द्यावी?' सून म्हणाली, 'तसेच मरण.' मालेरावांचे हातपाय बांधून त्यांना रस्त्यावर टाकण्यात आले. रथ चालवायला कुणी धजेना, तेव्हा आई स्वतः रथावर चढली. पण ती गाय पुन्हा पुन्हा रथाच्या आडवी येत राहिली. अखेर मुलाला अभय मिळाले. गाय आडवी आली तो हा आडा बाजार.

कथा ऐकताना स्नेह्यांच्या चेहऱ्यावरचा अभिमान मी पाहत होतो. न्याय म्हणजे न्याय, तिथे पोटचा पोरही सुटणार नाही! मी मान डोलावली. पण मनात एक खडा टोचत राहिला. मुलाच्या जिवावर उठलेली आई ही गोष्ट मी आधी कुठेतरी वाचली होती आणि तिथे ती कौतुकाची नव्हती.

त्या रात्री योगायोग असा घडला की स्नेह्यांची नात इंग्रजी वर्तमानपत्र घेऊन आली. कुणा पुढाऱ्याने कुणावर तरी 'ॲस्पर्शन्स' टाकल्याची बातमी होती. 'काका, म्हणजे नक्की काय टाकलं?' असे तिने विचारले. माझ्या तोंडून पटकन निघून गेले, 'शिंतोडे!'

शब्द निघून गेला आणि मी स्वतःच चमकलो. कारण शब्दाला शब्द इतका चपखल फार क्वचित मिळतो. 'ॲस्पर्शन' हा मूळ लॅटिन 'आस्पेर्जेरे' या क्रियापदावरून आलेला शब्द. त्याचा अर्थ शिंपडणे. आम्हा गोवेकरांना हे समजावून सांगावे लागत नाही. पोर्तुगीजमध्ये 'आस्पेर्सांव' म्हणजे आजही शिंपडणेच. कॅथलिक शेजाऱ्याच्या नव्या घराला आशीर्वाद द्यायला पाद्री येतो, खोल्याखोल्यांतून पवित्र पाणी शिंपडतो, ती आस्पेर्सांव. आमच्या घरी वास्तुशांतीला भटजी आंब्याच्या डहाळीने किंवा दर्भाने कलशातले पाणी उडवतात, ते प्रोक्षण. दोन्ही ठिकाणी हेतू एकच, वास्तू शुद्ध करणे. इंग्रजीत मात्र हा शब्द सरकत सरकत गेला आणि पाण्याच्या जागी चिखल आला. आता इंग्रजीत तो बहुधा अनेकवचनातच येतो, 'टाकणे' या क्रियापदाचा हात धरून येतो आणि कुणाच्या तरी नावावर जाऊन पडतो.

गंमत पहा, मराठीने हा प्रवास इंग्रजीकडे न पाहता स्वतंत्रपणे केला आहे. पावसाळ्यात गाडी बाजूने जाते आणि धुतल्या धोतरावर दोन थेंब उडतात, तो शिंतोडा. तोच पुढे चारित्र्यावर उडू लागला. मात्र मराठीने इंग्रजीपेक्षा एक शहाणपण केले. पवित्र पाण्याला 'प्रोक्षण' आणि चिखलाला 'शिंतोडा' अशी दोन वेगळी नावे ठेवली. एकाच शब्दाने दोन्ही कामे करून घेतली नाहीत.

नात चौकस होती. 'मग आरोप आणि शिंतोडा यात फरक काय?' असे तिने विचारले. फरक मोठा आहे. आरोपाला अंग असते. अमक्या दिवशी, अमक्या ठिकाणी, अमक्याने अमुक केले, असे ठामपणे म्हणावे लागते. म्हणून त्याला उत्तर देता येते, साक्षीदार बोलावता येतात. शिंतोड्याला असे अंग नसते. 'म्हणे', 'असं ऐकलं', 'लोक काहीतरी बोलतात बुवा' एवढ्यावर त्याचे भागते. उडवणाऱ्याचा हातही दिसत नाही. डाग तेवढा दिसतो.

अब्रूला लागणाऱ्या या डागांसाठी मराठीत शब्दांची वाण नाही, आणि प्रत्येक शब्दाचे गाव वेगळे. आम्ही जिथे बोलत बसलो होतो तिथून सराफा हाकेच्या अंतरावर होता. दिवसा सोन्याचांदीचा व्यवहार, रात्री खवय्यांची गर्दी. 'नावाला बट्टा लागला' यातला बट्टा असल्याच पेढ्यांवरचा आहे. झिजलेला किंवा परक्या टाकसाळीचा रुपया बदलून देताना सराफ जी रक्कम कापून घेई तो बट्टा. तो रुपया खोटा नसे. चांदी तीच असे, पण बाजारात तो कमी किमतीला जाई. बदनाम झालेल्या माणसाचे नेमके हेच होते. 'लांच्छन' हा शब्द तर मुळात निर्दोष. संस्कृतात त्याचा अर्थ नुसती खूण. जैन मंदिरांत तीर्थंकरांच्या मूर्ती ओळखायच्या त्या लांच्छनावरून, ऋषभनाथांचा बैल, महावीरांचा सिंह. इंदूरचे काचमंदिर पाहायला गेलात तर हा अर्थ जरूर आठवा. व्यवहाराच्या भाषेत मात्र ओळखीच्या खुणेची बदनामीची खूण झाली.

असो. शब्दांच्या नादात मी त्या टोचणाऱ्या खड्याकडे यायचे विसरलो नाही.

मालेरावांची गोष्ट मी वाचली होती ती सर जॉन माल्कम यांच्या ग्रंथात. इंग्रजांचा हा सेनानी आणि मुत्सद्दी १८१८ नंतर काही वर्षे माळव्याचा कारभार पाहत होता. पुढे १८२७ ते १८३० या काळात तो मुंबईचा गव्हर्नर झाला. मध्य हिंदुस्थानावरचा त्याचा दोन खंडांचा ग्रंथ १८२३ साली लंडनमध्ये निघाला. होळकरशाहीबद्दल नंतर जे इंग्रजीत लिहिले गेले, त्यातल्या बऱ्याच मजकुराचा उगम या ग्रंथात आहे.

आधी प्रसंग नीट समजून घेऊ. अहिल्याबाईंचे पती खंडेराव १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पडले. सासरे मल्हारराव १७६६ च्या मे महिन्यात वारले. गादीवर नातू मालेराव बसले आणि वर्षभराच्या आत, १७६७ मध्ये, तेही गेले. आता होळकरांच्या अफाट दौलतीपुढे एक विधवा उभी होती. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांचा विचार असा की एखादे लहान मूल दत्तक घ्यावे, म्हणजे कारभार आपल्या हाती राहील. राघोबादादांची त्यांना साथ होती. बाईंनी साफ नकार दिला आणि लढायची तयारी केली. थोरल्या माधवराव पेशव्यांनी बाईंची बाजू उचलून धरली, म्हणून तो डाव फसला. पुढे १३ ऑगस्ट १७९५ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, त्यांनी महेश्वरहून राज्य केले.

मालेरावांच्या मृत्यूची जी हकीकत माल्कमला मिळाली, ती विलक्षण आहे. वाड्यातल्या एका दासीशी एका कशिदा काढणाऱ्या कारागिराचे सूत आहे, असा मालेरावांना संशय आला. केवळ संशयावरून त्यांनी त्या कारागिराला ठार मारले. नंतर तो निर्दोष असल्याचे कळले. मालेरावांना पश्चात्तापाने वेड लागले. मृताचे भूत त्यांना झपाटून आहे, अशी लोकांची समजूत झाली. अहिल्याबाई मुलाच्या बिछान्याजवळ रात्रंदिवस बसून होत्या. मेलेल्याचे देऊळ बांधते, त्याच्या घरच्यांना जहागीर देते, पण माझ्या मुलाला सोड, असे त्या भुताला विनवीत होत्या. भुताने ऐकले नाही.

या हकीकतीच्या मुळाशी काय आहे ते लक्षात घ्या. एक शिंतोडा. एका दासीच्या आणि एका गरीब कारागिराच्या नावावर उडालेला. त्या दोघांची नावेही आज कुणाला ठाऊक नाहीत.

आणि याच मृत्यूवरून दुसरा शिंतोडा उडाला, तो थेट अहिल्याबाईंवर. मुलाचा अंत आईनेच घडवून आणला, असा समज त्या काळच्या युरोपीय लोकांत पसरलेला होता, असे माल्कम सांगतो. सत्तेसाठी मुलाचा जीव घेणारी बाई! अशा कंडीला खतपाणी घालणारी परिस्थिती तर उघड होती. मुलगा गेला, बाई गादीची मालकीण झाली. एवढा योगायोग कुजबुजीला पुरतो.

इथे माल्कमने जे केले त्याबद्दल मला त्याचा आदर वाटतो. तो ही कंडी ऐकून गप्प बसला नाही आणि तिला शोभेचे कलमही जोडले नाही. त्याने बारकाईने चौकशी केली. बाईंना जवळून पाहिलेली माणसे तेव्हा हयात होती. त्यांना विचारले, निरनिराळ्या थरांतल्या लोकांना विचारले आणि स्वच्छ निर्वाळा दिला की बाई पूर्ण निर्दोष आहेत. जितके अधिक विचारावे तितका त्यांच्याविषयीचा आदर वाढतो, असेच त्याने लिहिले. एका परक्या शिपायाने पुराव्याचे पाणी घेऊन केलेले हे प्रोक्षणच होते.

आता आडा बाजाराकडे पुन्हा पहा. ज्या गोष्टीचा डाग पुसायला माल्कमने एवढा खटाटोप केला, तिच्याच जवळपासची एक गोष्ट इंदूरच्या लोकांनी बाईंच्या पुतळ्याला हार म्हणून घातली आहे. दोन्हीकडे आई मुलाच्या जिवावर उठलेली आहे. एकीकडे कारण सत्ता, म्हणून ती काळी. दुसरीकडे कारण न्याय, म्हणून ती उजळ. इतिहासातली आई मात्र या दोन्हींहून वेगळी आहे. ती मुलाच्या उशाशी बसून भुताची मनधरणी करणारी एक हतबल बाई आहे. मला तीच अधिक जवळची वाटते.

इथवर लेख संपवला असता तर तो गोड झाला असता. पण माल्कमच्या त्याच ग्रंथात होळकरांची आणखी एक बाई आहे. तुळसाबाई.

यशवंतराव होळकरांचे मन शेवटच्या काही वर्षांत भ्रमिष्ट झाले. २८ ऑक्टोबर १८११ रोजी भानपुऱ्यास त्यांचा अंत झाला. दुसरे मल्हारराव तेव्हा लहान मूल होते. त्यांच्या नावाने तुळसाबाई कारभार पाहू लागल्या. खजिना रिकामा, फौजेचे पगार थकलेले, पठाण सरदार एकीकडे ओढताहेत, मराठे मानकरी दुसरीकडे, इंग्रज सीमेवर. १८१७ च्या डिसेंबरात महिदपूरजवळ क्षिप्रेच्या काठी छावणी पडली होती. बाई आणि त्यांचे कारभारी गणपतराव इंग्रजांशी संधान बांधताहेत, असा फौजेतल्या सरदारांना संशय आला. २० डिसेंबरला बाल मल्हाररावाला त्यांच्यापासून वेगळे करण्यात आले, बाईंच्या डेऱ्याभोवती पहारा बसला. रात्री त्यांना नदीकाठी नेऊन त्यांचे डोके उडवले आणि धड नदीत टाकून दिले. दुसऱ्याच दिवशी महिदपूरची लढाई झाली. होळकर हरले. ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरचा तह झाला. ज्या तहाच्या नुसत्या संशयावरून बाईंचे शिर गेले, तसाच, किंबहुना अधिक जाचक तह त्यांच्या मरणानंतर सतरा दिवसांनी त्यांच्याच मुलाच्या नावाने झाला. होळकरांचा सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख गेला. फौजेतल्या पठाणांचा म्होरक्या गफूरखान याला जावऱ्याचा मुलूख मिळाला. इंदूर राजधानी झाले ते या तहानंतर.

या बाईंबद्दल माल्कम काय लिहितो? वयाची तिशीही झाली नव्हती. रूपवती, तल्लख, बोलण्यात कुणाला हार न जाणाऱ्या, उत्तम घोडेस्वार. इतके मान्य करून मग तो डाव फिरवतो. निसर्गाने दिलेले सारे गुण या बाईने दुर्वर्तनाने मातीत घातले, असा त्याचा निवाडा आहे. पहिल्या नवऱ्याला सोडून यशवंतरावांकडे आलेली, कारभाऱ्याशी संबंध ठेवणारी, सूडबुद्धीची, असे तिचे चित्र तो रंगवतो. तिच्या हुकुमाने बाळाराम शेठ नावाच्या कारभाऱ्याचा जीव गेल्याचेही तो सांगतो.

यातले काहीच खरे नसेल, असे मी म्हणत नाही. त्या धुमश्चक्रीच्या काळात स्वच्छ हातांनी कारभार करणारे फार थोडे होते. बाळाराम शेठचा खून हा आरोप आहे आणि तो आरोपासारखाच तपासला पाहिजे. माझा प्रश्न वेगळा आहे. अहिल्याबाईंच्या बाबतीत 'लोक म्हणतात' यावर न थांबणारा माल्कम इथे कुणाच्या सांगण्यावर विसंबला? तुळसाबाई आणि गणपतराव यांची बाजू सांगायला मागे कोण राहिले होते? राहिले होते ते बाईंना मारणारे, बाईंच्या मरणाने ज्यांचे भले झाले ते, आणि वाऱ्याबरोबर पाठ फिरवणारे दरबारी. शिवाय माल्कम इथे तटस्थ चौकशी अधिकारी नव्हता. महिदपूरला क्षिप्रा ओलांडून हल्ला चढवणाऱ्या फौजेचे नेतृत्व त्याने स्वतः केले. मंदसोरच्या तहाची बोलणीही त्यानेच केली. ज्या राज्याची गादी आपण ताब्यात ठेवली, तिच्यावर आधी बसलेली बाई नालायक होती असे लिहिणे त्याच्या सोयीचे होते. अहिल्याबाई मात्र तेवीस वर्षांपूर्वीच वारल्या होत्या. त्यांच्याशी कंपनीचे काही भांडण नव्हते. त्याने जाणूनबुजून खोटे लिहिले असे मला वाटत नाही. पण एकीच्या बाबतीत त्याने हात धुऊन पाणी घेतले आणि दुसरीच्या बाबतीत समोर जे डबके होते त्यातच बोटे बुडवली.

आणखी एक गोष्ट. यशवंतरावांच्या मद्यपानाबद्दल आणि क्रौर्याबद्दलही माल्कमने लिहिले आहे. पण त्यामुळे त्यांच्या पराक्रमाला बट्टा लागला नाही, आणि लागूही नये. बाईच्या बाबतीत मात्र शेजघरातल्या गोष्टीने दरबारातले सारे पुसून टाकले. ती सहा वर्षे फौजेची देणी कशी भागवत होती, मुलाची गादी कशी सांभाळत होती, हे विचारायची कुणाला गरज वाटली नाही.

दुसऱ्याला दोष देणे सोपे असते, म्हणून आपलेही सांगून टाकतो. पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्याकडे गोव्यात एका देवळाच्या सभामंडपात अहिल्याबाईंच्या जयंतीला मी व्याख्यान दिले होते. पांढरे अधिक पांढरे दिसावे म्हणून शेजारी काळे ठेवावे, तशी मी तुळसाबाईची कथा रंगवून सांगितली. 'एक ती आणि एक ही!' असे काहीतरी म्हणालो. टाळ्या पडल्या. व्याख्यान संपल्यावर मागे बसलेल्या एक वृद्ध बाई जवळ आल्या आणि हळूच विचारले, 'पण पुता, तिका मारली कित्याक?' मला धड उत्तर देता आले नाही. तिच्या चारित्र्याबद्दल मी दहा मिनिटे बोललो होतो. तिचा खून का झाला हे मी पाहिलेच नव्हते. त्या बाईंचा प्रश्न ऐकून मी मान हलवली आणि चहाकडे वळलो. आता वाटते, त्या दिवशी सभामंडपात खरा इतिहासाचा प्रश्न त्यांनीच विचारला होता.

आपल्या कायद्यात मृत व्यक्तीच्या बदनामीचीही सोय आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या ४९९ व्या कलमात ती होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमातही आहे. मेलेल्या माणसावर केलेले दोषारोपण तो जिवंत असता तर त्याच्या अब्रूला बाधक ठरले असते, आणि ते त्याच्या कुटुंबीयांच्या किंवा जवळच्या नातलगांच्या भावना दुखावण्यासाठी केलेले असेल, तर ती बदनामी ठरू शकते. म्हणजे मेलेल्याची अब्रू मागे राहिलेल्यांच्या दुःखावर अवलंबून. अहिल्याबाईंसाठी आज सबंध शहर उभे राहील. नगर जिल्ह्यातल्या चोंडीत त्या जन्मल्या म्हणून त्या जिल्ह्याला आता त्यांचे नाव आहे, इंदूरच्या विद्यापीठाला आहे, विमानतळाला आहे. तुळसाबाईसाठी कुणाचे मन दुखावणार? तिच्या बाजूने बोलणारे कुणी मागे उरलेच नाही.

परतीच्या दिवशी स्नेह्यांची नात मला विमानतळावर सोडायला आली होती. वाटेत तिला मी क्षिप्रेकाठची ही गोष्ट सांगितली. राजवाड्याच्या सावलीत वाढलेल्या त्या मुलीने तुळसाबाईचे नाव पहिल्यांदाच ऐकले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, 'काका, तुम्ही आता पुन्हा भाषण दिलं तर तिच्याबद्दल काय सांगाल?'

मी म्हटले, 'आधी सांगेन की हे कुणी लिहून ठेवलंय. मग तिला का मारलं ते सांगेन. आणि ती बरी की वाईट, हे विचारलं तर म्हणेन, अजून तपासतोय.'

तिला ते पटल्यासारखे दिसले. मला मात्र त्या सभामंडपातल्या वृद्ध बाईंची आठवण झाली. उत्तर द्यायला मला इतकी वर्षे लागली. त्या आता हयात नाहीत.